बागेतला जळका ढीग

१

कचऱ्याला आग लागणं ही काही आक्रीत गोष्ट नव्हे. पण या वेळी ती गाडीच्या पोटात लागली, ड्रायव्हरची पाचावर धारण बसली, त्यानं गाडी सरळ बागेत घातली आणि अख्खं पोट हिरवळीवर रिकामं केलं. मुलांची घसरगुंडी वितळून वाकडी झाली. दारापाशी सावली धरणारं मोठं झाड अर्ध्या अंगानं काळं पडलं. गाडीवरचा हेल्पर पेटलेलं खोकं हातानं ओढायला गेला आणि दोन्ही हात भाजून शहरातल्या इस्पितळात जाऊन पडला. त्याच्या हातांबद्दल हळहळणारे गावात थोडेच निघाले. घसरगुंडीबद्दल हळहळणारे मात्र पालिकेच्या दारात जमून गळा काढत होते.

पालिकेनं ढिगाला दोरी बांधली आणि चौकशी स्वच्छता निरीक्षक बाईंच्या गळ्यात घातली. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक सापडलं की घरमालकाला अंगणात उभं करून त्याच्या हातानं वेगळं करायला लावायच्या. गाव पाठीमागे त्यांना ‘खराटा’ म्हणायचं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिथं बाग समितीचे सचिव आधीच बसलेले होते. सचिव म्हणजे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर कॉलेजात खडक आणि माती शिकवली, आता गावाला बागेची शिस्त शिकवत होते. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, मुख्याधिकारीसुद्धा.

“आग बॅटरीची आहे, यात वाद नाही,” मुख्याधिकारी म्हणाले. “बंबवाल्यांनीच सांगितलं. दाबाखाली फुटली. आता ती टाकली कुणी, तेवढंच उरलं होतं. तेही सरांनी शोधलं.”

सर हलकेच हसले. हातात खडू असता तर समोरची भिंत त्यांनी फळ्यासारखी वापरली असती. “सोपं आहे हो. गाडी मागून भरते. आतली फळी कचरा पुढं दाबत नेते. म्हणजे सकाळचा पहिला कचरा सगळ्यात आत, शेवटचा दाराशी. रिकामी करताना शेवटचा आधी पडतो, पहिला शेवटी. ड्रायव्हर गाडी पुढं घेत घेत रिकामी करत गेला, म्हणून बागेत लांबलचक ढीग झाला. बागेच्या दाराकडचं टोक जळून कोळसा झालंय, झाडीकडचं टोक नुसतं भिजलंय. आता सांगा, गाडी सगळ्यात शेवटी कुठला कचरा उचलते?”

“बागेच्या दाराजवळच्या दुकानांचा,” बाई म्हणाल्या. त्यांना पुढचं वाक्य ऐकायचं नव्हतं.

“आणि त्या दुकानांत बॅटऱ्या कुणाकडे असतात?”

बागेच्या दाराला लागून चार दुकानं होती. चपलांचं, खेळण्यांचं, एक बंद पडलेलं, आणि टोकाला मोबाईल दुरुस्तीची टपरी. टपरी पालिकेच्या जागेवर होती. जुन्या बॅटऱ्या टाकायची पालिकेची लोखंडी पेटीही तिथंच ठेवलेली होती.

“पेटी उघडली तर रिकामी,” मुख्याधिकारी म्हणाले. “साठलेल्या बॅटऱ्या त्यानं पोत्यात भरून सुक्या कचऱ्यात ढकलल्या. संध्याकाळी सभा आहे. टपरी उठवायचा ठराव येईल. त्याआधी मला तुमच्या सहीचा अहवाल हवा. टाईप करून ठेवलाय.”

“साहेब, तो माझा सख्खा भाऊ आहे.”

“म्हणून तर,” मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले. “बहिणीचीच सही असली म्हणजे उद्या कुणी तोंड उघडणार नाही.”

२

बाईंचं आणि भावाचं बोलणं बंद होतं. आईच्या आजारपणात तिला कुणी ठेवायचं यावरून दोघं एकमेकांना नको ते बोलून गेले होते. आई गेली आणि भांडण तेवढं मागं राहिलं. एकाच गावात राहून दोघं एकमेकांना टाळायचे. बाजारात समोर आले तर एकजण भाजी बघायला लागायचा.

टपरीसमोर माणसं उभी होती, पण गिऱ्हाईक एकही नव्हतं. कुणीतरी लोखंडी पेटीवर खडूनं शिवी लिहून ठेवली होती. भाऊ आत वाकून बसला होता. भिंगातून कसलासा सर्किटचा तुकडा बघत होता, की नुसतंच बघितल्यासारखं करत होता, कोण जाणे.

“या निरीक्षक मॅडम,” तो मान वर न करता म्हणाला. “जप्ती आणलीत की नुसतंच बघायला आलात?”

“पेटीतल्या बॅटऱ्या कुठं गेल्या?”

“घरी. वाळूच्या बादलीत. पेटीला दुपारचं ऊन लागतं, हात लावला तर चटका बसायचा. उचलून न्या म्हणून तुमच्या ऑफिसला सांगून सांगून थकलो. शेवटी मीच नेऊन ठेवल्या.”

“साहेबांना का नाही दाखवल्यास?”

“दाखवली की बादली! म्हणाले, ही काल रात्री भरली असशील. आता मी काय बॅटऱ्यांना शपथ घ्यायला लावू?”

गर्दीतून खेळण्यांचा दुकानदार ओरडला, “अहो, विचारता काय! उचला टपरी! आमची पोरं त्या घसरगुंडीवर खेळायची.”

“तुझी पोरं घसरगुंडीवर होती का तेव्हा?” बाई गर्रकन वळल्या. “नव्हती ना? मग दुकान उघड आणि गप बस.”

तो जागचा हलला नाही. बाई पुन्हा टपरीकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “हे बघ, खरं सांग. चुकून एखादी गेली असेल कचऱ्यात. टेबल झाडताना, पोतं भरताना. तुझा वेंधळेपणा मला नवा नाही. चूक झाली असं सांगितलंस तर मी काहीतरी करू शकेन.”

आता त्यानं मान वर केली. डोळ्यावरचं भिंग काढायला तो विसरला होता, त्यामुळे एक डोळा भला मोठा दिसत होता.

“मी टाकली नाही.”

“पोतं बाहेर कधी ठेवलंस?”

“आदल्या संध्याकाळी. सगळी दुकानं तेव्हाच ठेवतात. गाडी येते तेव्हा आम्ही झोपलेले असतो. आणि मॅडम, मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत का?”

बाईंनी ऐकलं होतं. पण लहानपणी घरातला रेडिओ उघडून पुन्हा न जुळवणारा, दूध उतू घालवणारा, सायकल कुठं ठेवली ते विसरणारा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांना वाटत होतं, यानंच केलं असणार. आणि त्या वाटण्याचा त्यांना रागही येत होता.

“सही करा आणि मोकळ्या व्हा,” तो म्हणाला आणि भिंग सारखं करून पुन्हा वाकला. “टपरी गेली तर मी कुठं बसणार ते तुमच्या अहवालात लिहायला जागा ठेवलीय का, तेवढं बघा.”

३

बाईंनी सही केली नाही. का नाही, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सरांचा हिशेब इतका चोख होता की त्याचाच त्यांना खटका बसला. कचऱ्यात इतकं चोख काही नसतं. त्या तडक वरच्या अंगाला बंगल्यांच्या ओळीकडे निघाल्या.

ही ओळ बागेच्या मागच्या बाजूला होती. सुक्या कचऱ्याची गाडी रोज सकाळी इथून निघायची, गावाला वळसा घालायची आणि बागेच्या दाराशी दुकानांपाशी फेरी संपवायची. पहिला मान बंगल्यांचा. डबे फाटकाबाहेर फार वेळ राहिले तर ओळीची शोभा जाते, अशी तक्रार करून त्यांनी तो मिळवला होता.

सरांच्या बंगल्याला झुडपांचं दाट कुंपण होतं. एका बाजूनं ते पट्टी ठेवून कापल्यासारखं सरळ होतं. फाटकापासून पलीकडे मात्र वेडंवाकडं वाढलेलं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी मांजरांच्या घोळक्यात बसली होती. एका मांजराला डब्यातलं खाणं चमच्यानं भरवत होती.

“कुंपण अर्धंच राहिलंय, सर,” बाई म्हणाल्या.

“माळी मिळतात कुठं आजकाल?” सरांनी त्यांना आत घेतलं नाही, फाटकातच उभं केलं. “अहवाल झाला?”

“एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. त्या दिवशी गाडी नेहमीसारखीच आली?”

“नेहमीसारखीच. पहाटे, सगळ्यात आधी आमच्याकडे. का?”

“लिहावं लागतं.”

“बाई, तुमची अडचण मी समजू शकतो,” सर समजूतदारपणे म्हणाले आणि त्यांच्या आवाजातला तो समजूतदारपणा बाईंच्या डोक्यात गेला. “रक्ताचं नातं आहे. पण ती टपरी बागेच्या तोंडावर फोडासारखी बसलीय. मी कधीपासून सांगतोय. जाईल तर बरंच होईल. आणि तुमचा भाऊ म्हणजे... गावात सगळ्यांना माहीत आहे तो कसा आहे ते. कुणाच्या घरात काय बिघडलं, कुणाच्या फोनात काय सापडलं, सगळं चौकात बोलतो.”

इथं खरं तर बाईंना सरांचं पटायला हवं होतं. भावाबद्दल त्यांनी स्वतः याहून वाईट बोलून ठेवलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“फोड कापायच्या आधी कशानं आला ते बघतात, सर,” त्या म्हणाल्या. “मी ढीग उपसणार आहे.”

सरांचा चेहरा पहिल्यांदाच जरा हलला. “कशाला? त्यात आता काय उरलंय?”

“तेच बघायचंय.”

४

बाईंनी दोरी ओलांडली, पदर खोचला, हातमोजे चढवले आणि दंताळं हातात घेतलं. बागेबाहेर बघे जमले. “खराटा स्वतः उतरला,” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. दुसऱ्यानं त्यात भर घातली, “भावाचा पुरावा लपवतेय!” यावर मात्र हशा पिकला नाही. लोकांना ते पटलं.

जळक्या प्लास्टिकच्या वासानं डोकं भणभणत होतं. बाईंनी आधी झाडीकडच्या टोकापासून सुरुवात केली. ते टोक जळलं नव्हतं, नुसतं बंबाच्या पाण्यानं भिजून चिकट झालं होतं. इथं बंगल्यांचा कचरा असायला हवा होता, म्हणजे सकाळचा पहिला. गुळगुळीत कागदाची मासिकं, काचेच्या बाटल्या, परदेशी बिस्किटांचे पत्र्याचे डबे. बाईंना ओळीओळीचा कचरा तोंडपाठ होता. माणसं तोंडानं काहीही सांगतात, डब्यात काय टाकतात ते बदलत नाहीत.

दंताळ्याला पहिली लागली ती चपलांची खोकी. एक, दुसरं, मग ढीगभर. भिजून मऊ झालेली, पण अख्खी. त्यांच्या खाली खेळण्यांची रंगीत वेष्टनं, आणि त्यात मिसळलेले स्क्रू, तुटक्या काचा, मोबाईलची मागची झाकणं.

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दुकानांचा कचरा या टोकाला? हे टोक तर गाडीतून सगळ्यात शेवटी पडलेलं. म्हणजे सगळ्यात आधी भरलेलं.

त्या जवळजवळ धावत दाराकडच्या जळक्या टोकाशी गेल्या. इथं कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, सगळ्याची राख. पण पत्रा जळत नाही. दंताळं खणकन वाजलं. त्यांनी वाकून उचललं, तो छोटा चपटा डबा होता. मग तसाच दुसरा. मग तर मूठभर निघाले. रंग जळून गेला होता, तरी एकाच्या तळाशी मांजराचं तोंड ओळखू येत होतं.

मांजराच्या खाण्याचे डबे गावात एकाच घरातून येत. आणि ते घर बंगल्यांच्या ओळीत होतं.

बाईंनी पुन्हा हात घातला. त्या डब्यांच्या खालीच राखेत काहीतरी जड लागलं. बाहेर काढलं तर लोखंडी नळकांड्यांचा, एकमेकीला चिकटलेल्या रांगांचा, मुठीत न मावणारा गोळा. एका अंगाला पितळी पट्ट्या अजून शाबूत होत्या. मोबाईलची बॅटरी पातळ पाकिटासारखी असते हे शेंबडं पोरही सांगेल. ही मोबाईलची नव्हती. भावाच्या टपरीत येणाऱ्या कुठल्याच वस्तूची नव्हती.

५

ड्रायव्हर डेपोत गाडी धूत होता. बाईंना बघून त्यानं पाण्याचा नळ बंद केला नाही, आवाज वाढला म्हणजे प्रश्न टळतील असं त्याला वाटलं असावं. बाईंनी नळ बंद केला.

“त्या दिवशी फेरी उलटी का मारलीस?”

“कोण म्हणतं उलटी मारली?”

“चपलांची खोकी म्हणतात. खोटं बोलू नकोस. तुझा हेल्पर दोन्ही हात बांधून पडलाय, त्याला विचारायला इस्पितळात जाऊ?”

ड्रायव्हरचा सगळा आव गळाला. तो चाकाशी खाली बसला. “मॅडम, फेरी बदलली म्हणून मला आधीच एकदा समज मिळालीय. पुन्हा सापडलो तर घरी बसवतील. पण करणार काय? सकाळी बंगल्यांच्या रस्त्यावर ही मोठी फांदी आडवी. बागेच्या माळ्यानं तोडून तशीच टाकलेली. मग दुकानांपासून सुरुवात केली आणि उलटा आलो. बंगले शेवटी घेतले, तोवर फांदी बाजूला झाली होती.”

“बंगल्यांवर कुणी बघितलं तुला?”

“बघितलं म्हणजे? सर स्वतः फाटकात उभे होते. डबा हातात घेऊन. म्हणाले, आज फारच उशीर केलास. मागच्या वेळी त्यांनीच तर तक्रार केली होती माझी, म्हणून मी हात जोडले. तर म्हणाले, जा, या वेळी नाही सांगत कुणाला. मला वाटलं, माणूस सुधारला.”

बाईंच्या मनात एकेक वस्तू जागेवर बसत होती.

तिथून त्या बागेच्या मागच्या खोलीत गेल्या. माळी दारात कोयत्याला धार लावत होता. हा चिडका म्हातारा कुणाशीच धड बोलायचा नाही, आणि पालिकेच्या माणसांशी तर मुळीच नाही.

“ती फांदी कशानं तोडलीत?”

“दातानं.”

“मामा, चेष्टा पुरे. पालिकेनं तुम्हाला झुडपं कापायची बॅटरीवरची मशीन दिलीय. मग बागेची कुंपणं अशी वाढलेली का? आणि हातात हा कोयता का?”

“मशीन आहे. हे काय.” त्यानं खोलीतून मशीन आणून धाडकन पायाशी टाकली. लांब दातेरी पातं, मागं मूठ, आणि मुठीखाली बॅटरी बसवायची जागा. जागा रिकामी होती.

“बॅटरी?”

“चार्जिंगला.”

“कुठं?”

माळ्यानं कोयता दगडावर जोरात घासला. “मला विचारू नका. माझं काम वर्षावर्षानं समितीच्या सहीनं वाढतं. तुम्ही उद्या दुसरीकडे जाल, मला सरांच्याच नजरेखाली राहायचंय.”

त्यानं सरांचं नाव घेतलं होतं. बाईंनी ते विचारलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून जळका गोळा काढला आणि मशीन उचलली. मुठीखालच्या खाचांना पितळी पट्ट्या लावल्या. जराशी वाकलेली एक सरळ करावी लागली. मग सगळ्या आपापल्या खाचेत गेल्या.

माळी कोयता घासायचा थांबला होता.

“ही मशीन सभेला नेते,” बाई म्हणाल्या. “तुम्हीही या. तोंड उघडू नका हवं तर. नुसते दिसलात तरी पुरे.”

६

सभागृह गच्च भरलं होतं. भाऊ मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या आजूबाजूला कुणी उभं राहिलं नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांनी सही न केलेला अहवाल बाईंसमोर सरकवला आणि पेन वर ठेवलं.

बाईंनी पेन बाजूला केलं. “सरांनी सांगितलेली रीत बरोबर आहे,” त्या उभं राहून म्हणाल्या. “आधी भरलेलं शेवटी पडतं, शेवटी भरलेलं आधी. जळालं ते शेवटी भरलेलं. इथपर्यंत मला मान्य.”

“चला, एकदाचं!” कुणीतरी ओरडलं. “उठवा टपरी!”

“पण त्या दिवशी गाडी उलटी फिरली. दुकानांचा कचरा सगळ्यात आत होता. तो जळलाच नाही. चपलांची खोकी अख्खी पडलीत, जाऊन बघा. जळाला तो बंगल्यांच्या ओळीचा. त्यात मांजराच्या खाण्याचे डबे सापडले.”

“अगं बाई, माझ्या मांजरांनी काय केलं?” पुढच्या रांगेतली म्हातारी घाबरून म्हणाली.

“काही नाही, आजी. तुमच्या डब्यांनी घर दाखवलं, एवढंच. त्या दिवशी गाडी कधी आली तुमच्याकडे?”

“केव्हाच्या केव्हा आली! डबा बाहेर ठेवून ठेवून कंटाळले. सरसुद्धा फाटकात येरझाऱ्या घालत होते.”

सभागृहात कुजबुज झाली. सर बसल्या जागी ताठ झाले. “गाडीच्या वेळा मी पाठ करत नाही,” ते म्हणाले.

“वेळ नाही विचारली, सर. पहिली आली की शेवटी, एवढंच विचारलं होतं. ड्रायव्हरला तुम्ही ‘फार उशीर केलास’ म्हणालात. मला मात्र सांगितलंत, सगळ्यात आधी आमच्याकडे आली. या खोलीत थरांचा हिशेब कळणारा एकच माणूस होता. त्यानंच तो साहेबांना मांडून दिला, आणि गाडी कुठून सुरू झाली तेवढं त्यानंच खोटं सांगितलं. ज्याला आपल्या डब्यातलं लपवायचं नाही, त्याला हे खोटं कशाला हवं?”

“हा निव्वळ तर्क आहे!”

बाईंनी मशीन टेबलावर ठेवली आणि तिच्या मुठीखाली जळका गोळा बसवला. पट्ट्या खाचेत गेल्या तेव्हा टक् असा आवाज झाला आणि तो मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

“ही बागेची मशीन. गावात अशी दुसरी नाही. बागेचं कुंपण वाढलंय, माळी मामा कोयत्यानं झुडपं छाटतात. आणि सरांच्या बंगल्याचं कुंपण अर्धं सुबक कापलेलं आहे, अर्धं तसंच. कापता कापता मशीन अर्ध्यात बंद पडली की असंच दिसतं. मामा, मी चुकत असेन तर सांगा.”

माळी भिंतीकडे बघत म्हणाला, “सरांनी नेली, आणि भिजवून, बॅटरीशिवाय आणून दिली मशीन. वर मलाच म्हणाले, बॅटरीचं नाव काढू नकोस.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता त्यांच्या आवाजात समजूतदारपणा उरला नव्हता. “मी काही आग लावायला टाकली नाही! फुगली होती ती. हातात धरवेना. पुठ्ठ्यात नीट गुंडाळून डब्यात ठेवली. गाडीत असला दाब असतो हे मला काय माहीत?”

“दाब तुम्हीच तर समजावून सांगितलात, सर. आणि बॅटरीची पेटी बागेच्या दाराशी होती. तुमच्या घरापासून चालत.”

“त्या माणसाच्या हातात द्यायची?” सरांनी मागच्या भिंतीकडे बोट रोखलं. “बागेचा नंबर घातलेला होता तिच्यावर! संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, सर पालिकेच्या मशीननं स्वतःचं कुंपण कापतात. माझी काही अब्रू आहे की नाही?”

“हेल्परला हात होते, सर,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. टपरी उठवा म्हणून घसा फोडणारी तीच माणसं आता सरांवर तुटून पडली. खेळण्यांचा दुकानदार तर सगळ्यात पुढं होता. मुख्याधिकाऱ्यांनी टाईप केलेला अहवाल गुपचूप फायलीत सरकवला आणि आपण पहिल्यापासून निःपक्षपाती होतो असा चेहरा केला. टपरी उठवण्याचा विषय कुणी काढलाच नाही. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांना एकाचीही कीव आली नाही.

मागच्या भिंतीपाशी आता कुणी नव्हतं.

७

भाऊ टपरीत दिवा लावून बसला होता. पेटीवरची शिवी ओल्या फडक्यानं पुरती पुसली गेली नव्हती, खडू नुसता फरकटला होता. बाईंनी तेच फडकं उचललं आणि पेटी पुसायला लागल्या.

“राहू द्या,” तो म्हणाला. “मी पुसतो.”

“सभेत थांबला का नाहीस? टपरी राहिली तुझी.”

“ऐकलं ना. मांजराचे डबे, चपलांची खोकी. छान शोधलंत. तुमचं डोकं पहिल्यापासून चालतं.”

“अजून ‘तुम्ही’च म्हणणार आहेस?”

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाईंना वाटलं, आता हा बोलेल, आपणही बोलू, आणि इतक्या वर्षांचं ओझं इथंच उतरवून ठेवू. त्यांनी तर मनात शब्दही जुळवले होते.

“बरं, तू म्हणतो,” तो म्हणाला. “ताई, साहेबाला पुरावा लागतो, ते मी समजू शकतो. तो मला ओळखत नाही. गावालाही लागतो. पण मी तुला सकाळी तोंडावर सांगितलं, मी टाकली नाही. तुला तेवढं पुरलं नाही. माझा शब्द खरा आहे हे कळायला तुला अख्खा कचऱ्याचा ढीग उपसावा लागला.”

बाईंनी तोंड उघडलं. आपण सही केली नव्हती, हे त्यांना सांगायचं होतं. पण सही न करणं म्हणजे विश्वास ठेवणं नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि त्यालाही.

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. फुटक्या काचेचा फोन पुढं केला. भावानं तो घेतला, उलटा केला आणि भिंग डोळ्याला लावलं.

“बाजूला व्हा जरा, मॅडम,” तो म्हणाला. “उजेड अडतोय.”

बाई बाजूला झाल्या.